काशीची जागा

रुतिकाने आईचा पंजा कागदावर पसरला आणि मनगट दाबून धरलं.

"हलू नको, आय."

"गुदगुल्या होतात."

"मोठ्या मानसांना नाय होत."

काशीने हात सैल सोडला. खाडीवरून आल्यावर तिने दोनदा साबण लावला होता, तरी नखांच्या कडेला चिखलाची काळी रेघ राहिली होती. पेन्सिल अंगठ्यावरून चढली, उतरली, तर्जनीवर चढली, उतरली आणि मधल्या बोटाशी अडली. ते बोट दुसऱ्या पेऱ्यापासून बाहेर वळलेलं होतं. रुतिकाने जीभ दातांत धरली आणि पेन्सिल त्या वळणावरून हळू फिरवली.

चौथीच्या वर्गात नमिता बाईंनी गोष्ट शिकवायला घेतली होती. घरातल्या एका माणसाचा हात कागदावर गिरवायचा. त्याच्याकडून त्याच्याच आयुष्यातली गोष्ट ऐकायची. मग पाच बोटांत लिहायचं. अंगठ्यात, गोष्ट कोणाची. तर्जनीत, कुठे घडली. मधल्या बोटात, अडचण काय आली. चौथ्यात, मग काय केलं. करंगळीत शेवट.

"अडचनीचं बोट वाकडंच हाय," रुतिका म्हणाली. "बाई हसतील."

"हसू दे. याचीच सांगते गोष्ट."

गॅसची शेगडी बंद करून काशीने चिंबोऱ्यांचं, खाडीतल्या खेकड्यांचं, पातेलं खाली ठेवलं आणि ती भिंतीला टेकून बसली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. सासू येसूबाई तिला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेली. बिळात आकडी, टोकाला वाकवलेली सळई, कशी घालायची, बिळाचं तोंड न फोडता चिंबोरी बाहेर कशी आणायची, हे दाखवलं. काशीला आकडीचा कंटाळा आला. तिने हातच घातला.

"मंग?"

"मंग काय! नांगीत धरलं तिनं बोट. मी ओरडते, हात ओढते. तुझी आजी म्हनाली, ओढू नको पोरी. हात पान्यात घाल आनि गप बस. बसले गप. डोळ्यांतून पानी, पन हात हलवला नाय. पान्यात गेल्यावर तिला वाटलं सुटली. तिनंच सोडलं."

रुतिका भराभर लिहीत होती. अंगठा भरला. मधलं बोट भरलं, वळणावर अक्षरंही वळली. चौथं भरलं. करंगळीत "सोडलं" एवढंच मावलं.

"कुठं झालं हे?"

"खाडीत."

"खाडी केवढी हाय. खाडीत कुठं?"

काशीने पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं.

"लिही, एका ठिकानी."

कोळीवाड्यातल्या अकरा बायका पायी खाडीत उतरत. प्रत्येकीची जागा होती. पंधरा-वीस बिळं, फार तर पंचवीस. बीळ न फोडता चिंबोरी काढली तर पंधरा दिवसांत दुसरी येऊन राहते. म्हणून जागा जपायची. सासू सुनेला किंवा आई मुलीला ती एकदाच चालत नेऊन दाखवायची. तोंडाने कोणी सांगत नसे. सांगितली की बिळं ओस पडतात, असं येसूबाई म्हणायची. बांधावर दोघी भेटल्या तर "निघालीस?" एवढंच. परतताना कोणी विचारलंच तर "होते तिकडं" म्हणायचं आणि हात कुठेही हलवायचा.

येसूबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या जागेबद्दल काशी नवऱ्याशीसुद्धा बोलली नव्हती.

बुधवारी ओहोटी नऊच्या सुमारास होती. काशी सातला निघाली. पौषातला गारठा होता. बांधावरची माती पायाला बोचत होती. डाव्या हाताला सोसायटीची भिंत, उजव्या हाताला तिवराची झाडं आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. वाट संपते तिथे आज निळे पत्रे रचून ठेवले होते. पत्र्यांशेजारी प्लास्टिकचं टेबल, टेबलावर चार दगड ठेवून दाबलेला नकाशा, आणि टोपी घातलेला पंचविशीचा मुलगा.

"मावशी, एक मिनिट. मी हितेश. सर्व्हेचं काम आहे."

पाठीमागून सगुणा आली. ती काशीची चुलत जाऊ. वयाने दहा वर्षांनी मोठी, आवाजाने त्याहून मोठी.

"पत्रे कशाला रे?"

"खाडीच्या कडेनं कुंपण होणार आहे, मावशी. कोण कुठून खाडीत जातं त्याची नोंद घेतोय. होड्यावाल्यांनी जेट्टीकडून लिहून दिलंय. पायी जाणाऱ्यांचं कोणी काही दिलेलं नाही. तुम्ही इथून जाता?"

"नाय, उडत जातो," सगुणा म्हणाली.

हितेश हसला. एकेक करत अकराही जणी जमल्या. त्याने नावं लिहून घेतली. धंद्याच्या रकान्यात त्याने सवयीने 'गृहिणी' लिहिलं, मग काशीच्या हातातल्या आकडीकडे बघून खोडलं. टेबलावर त्याची दुसरी वहीही उघडी होती. तिच्यात पक्ष्यांची यादी होती: जात, संख्या, कुठे बसतात, किती वाजता. तीन पानं भरली होती.

"आता प्रत्येकीनं नकाशावर एक टिंब द्या. तुम्ही जिथे काम करता तिथे. ही खाडी, हा पूल, हे तुमचं गाव. वाट उघडी ठेवायची तर ती कुठे जाते ते दाखवावं लागतं."

लाल पेन टेबलावर ठेवून तो बाजूला झाला.

कोणीच पेन उचलेना. मग सगुणा पुढे झाली. तिने मागे वळून बघितलं. दहा जणी तिच्या हाताकडे बघत होत्या. तिने टिंब दिलं आणि पेन काशीकडे केलं. काशीला नकाशा वाचता येत होता. येसूबाईची जागा कुठे येईल, तेही तिला दिसलं. खांद्याशी सगुणाचा श्वास लागत होता. काशीने पेन तिथून चार बोटं दूर टेकवलं.

सगळ्यांची टिंबं झाल्यावर अकरा जणी बांधावर बराच वेळ पदर खोचत, पिशव्या झटकत उभ्या राहिल्या. प्रत्येकीला दुसरी आधी जायला हवी होती.

शुक्रवारी दुपारी हितेशने सगळ्यांना समाजमंदिरात बोलावलं. आज तो हसत नव्हता.

"हे बघा. ही खूण पंपहाऊसच्या गच्चीवर आहे. ही पुलाच्या खांबावर. या चार जिथे आहेत तिथे होडीशिवाय जाताच येत नाही. आणि ही..." त्याने पेन टेकवलं. "ही सोसायटीच्या स्विमिंग पुलात आहे."

"कोनाची गं ती?" मागून कोणीतरी विचारलं.

"माझी," सगुणा म्हणाली. "पवायला जाते मी. तुला काय?"

हॉल हसला. हितेश थांबला, हसू संपेपर्यंत.

"मावशी, हा नकाशा मी उद्या संध्याकाळी पाठवणार. असा पाठवला तर वरचे म्हणतील, पायी कोणी जातच नाही. बायकांना खाडी माहीत नाही. मग तुमच्या वाटेवर पत्रे लागतील. त्यानंतर तुम्हाला पुलाकडून फिरून यावं लागेल."

पुलाकडून फिरून म्हणजे जायला दीड तास, यायला दीड तास. पाणी खाली असतं चार तास. हिशोब प्रत्येकीने मनात केला.

"तुम्हाला खरंच माहीत नाही का, कुठे जाता ते?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं. काशीने आपल्या पायांकडे बघितलं. टाचांच्या भेगांत खाडीचा चिखल बसलेला होता, कायमचा.

"आज पाचपर्यंत मी इथेच आहे," हितेश म्हणाला. "उद्या पण येतो."

बायका उठून गेल्या.

शाळा सुटायची वेळ झाली होती. काशी तशीच रुतिकाला आणायला गेली. वर्गात नमिता बाई भिंतीवर कागद लावत होत्या. चाळीस हात, छोटे-मोठे, दोरीला टांगल्यासारखे. रुतिका बाकावर एकटी बसली होती. तिच्यासमोर तिचा कागद होता.

"या ताई. तुमचाच हात ना हा?" बाईंनी काशीचा उजवा पंजा बघितला आणि त्यांना खात्री पटली. "गोष्ट फार चांगली सांगितलीत. पाण्यात हात धरून बसणं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितली."

काशी लाजली.

"मंग ही तोंड पाडून का बसली?"

"मी तिला एक बोट पुन्हा लिहायला सांगितलं म्हणून." बाईंनी भिंतीकडे हात केला. "वाचा ना. बहुतेकांच्या तर्जनीत तेच आहे. एका गावात. एका जंगलात. एका ठिकाणी. पाठ्यपुस्तकातून सवय लागते. मी प्रत्येकाला विचारत बसले. कुठलं गाव? तिथे पाय ठेवला तर काय लागतं, वाळू की फरशी? मग पोरं सांगतात. अंकुरनं 'एका शहरात' खोडून 'दिघ्याच्या नाल्याशेजारी, मामाच्या गॅरेजच्या पाठी' लिहिलं. आता त्याच्या मामाची गोष्ट त्याच्या मामाचीच झाली."

"बाई, मी सांगितलं ना," रुतिका म्हणाली. "आमच्यात ती सांगत नाय."

"सांगितलंस. मला कळलं." बाई तिच्या बाकाशी गेल्या. त्यांनी खोडरबर घेतलं आणि तर्जनीतलं 'एका ठिकाणी' पुसून टाकलं. कागदावरचे कण फुंकले. "मग रिकामं ठेव. उगाच काहीतरी लिहून भरू नकोस. वाचणाऱ्याला निदान कळू दे की इथे काहीतरी आहे आणि ते आपल्याला सांगितलेलं नाही."

काशी त्या रिकाम्या बोटाकडे बघत राहिली. बाकीची चार भरलेली होती.

"बाई," तिने विचारलं, "जागा नाय लिहिली तर गोष्ट खोटी होते काय?"

नमिता बाईंनी हातातली टाचणी भिंतीत खुपसली.

"खोटी नाही होत. पण कोणी म्हणालं, असं काही झालंच नव्हतं, तर दाखवायला काही राहत नाही."

घरी जाताना रुतिकाने आईचं बोट धरलं. वाकडं बोट तिच्या मुठीत बरोबर बसायचं.

"मना कधी दाखवनार जागा?"

"तुला कशाला? तू शिकतेस ना."

"शिकून पन बघायची हाय."

घराच्या दाराशी आल्यावर काशीने दप्तर रुतिकाच्या खांद्यावर दिलं.

"बाबाला सांग, आय समाजमंदिरात गेली."

तिचा नवरा दिलीप आतूनच बोलला. ऐरोलीच्या एका कंपनीत तो साफसफाईच्या पाळीवर होता. नुकताच येऊन पाय धूत होता. "मी ऐकलंय सगलं. तू सांगनार?"

"तुला काय वाटतं?"

"मना काय वाटायचं? मना तर म्हाईत पन नाय कुठं हाय ते." त्याने पाय पुसले. "सांगितलंस तर उद्या सगल्या तुझ्या बिळांवर बसतील. आईची जागा होती ती."

"वाट गेली तर कोन बसनार?"

दिलीपने टॉवेल खांद्यावर टाकला आणि चपला घातल्या. "चल. मी भाईर उभा राहीन."

पाचाला दहा मिनिटं होती. हॉलमध्ये पाच-सहा बायका परत आलेल्या होत्या. हितेश काय करतो ते बघायला, किंवा दुसरी काय करते ते बघायला. सगुणा खिडकीत बसून तंबाखूची मिसरी लावत होती. काशी थेट टेबलापाशी गेली.

"लिही," ती म्हणाली.

हितेशने पेन उघडलं.

"मी काशी. येसूबाईची सून." ती खाकरली. "बांध संपतो तिथून खाली उतरायचं. पहिल्यांदा चिखल पोटरीएवढा, मंग गुडघ्याएवढा. विजेचे टॉवर दिसतात ना, त्यांतला तिसरा धरायचा. चालत राहायचं. तिसरा टॉवर डोंगराच्या खाचेत आला की थांबायचं."

"एक मिनिट." हितेशने पट्टी घेतली. टॉवर आणि डोंगराची खाच जोडून त्याने एक रेघ ओढली. "या रेघेवर कुठेही?"

"नाय. आता डाव्या अंगाला बघायचं. पुलाचा दिवा नि सोसायटीची लाल टाकी एकामागं एक आली पायजे. आली, की तिथंच."

हितेशने दुसरी रेघ ओढली. दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या. त्याने त्या बिंदूवर पेन धरलं आणि वर बघितलं.

"हे तर एकदम नेमकं आहे, मावशी. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सासूनं."

"बिळं किती?"

खिडकीतला मिसरीचा वास तिच्यापर्यंत पोचत होता.

"सतरा. अमुशाच्या आसपास चांगल्या भरलेल्या मिळतात. पाऊसकाळात चार महिने मी जात नाय, चिंबोरीला अंडी असतात."

हितेश लिहीत होता. पक्ष्यांच्या वहीसारखंच, जागा, वेळ, संख्या. लिहून झाल्यावर त्याने हॉलकडे बघितलं.

"अजून कोणी?"

पंखा फिरत होता. एक बाई उठली आणि चप्पल शोधू लागली. सगुणा खिडकीबाहेर बघत थुंकली.

"एकीच्या खुणेवर कुंपणात फाटक ठेवतील का, मला नाही सांगता येणार," हितेश हळू म्हणाला. "मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो."

बाहेर दिलीप उभा होता. त्याने काशीच्या हातातली पिशवी घेतली. त्यात काहीच नव्हतं, तरी घेतली.

शनिवारी ओहोटी अकराला होती. पाणी पूर्ण उतरणार नव्हतं. षष्ठीला उतरत नाही. काशी नेहमीपेक्षा उशिरा निघाली. पत्र्यांच्या बाजूने अंग चोरून ती खाली उतरली. चिखल पोटरीएवढा झाला, गुडघ्याएवढा झाला. तिसरा टॉवर खाचेकडे सरकू लागला आणि तिला पुढे कोणीतरी दिसलं.

सगुणा होती. काशीच्या बिळांमध्ये कमरेवर हात ठेवून उभी होती.

काशीचे पाय जागच्या जागी रुतले. तिला वाटलं होतं, दुसरी कोणी इथे यायला निदान आठ दिवस तरी जातील.

"ये ना," सगुणा ओरडली. "तुझीच जागा हाय, लाजतेस काय?"

काशी जवळ गेली. तिने आधी सगुणाचे हात बघितले. आकडी पाठीला बांधलेली होती. चिंबोऱ्या बांधायचं फडकंही सोडलेलं नव्हतं. सगुणाची पावलं बिळांच्या कडेकडेने गेली होती. एकाही बिळाचं तोंड दबलेलं नव्हतं.

"सतरा नाय," सगुणा म्हणाली. "अठरा हायत. तिवराच्या मुळाशी नवीन पडलंय एक. तू बघितलं नाय."

"तू मोजायला आलीस?"

"खोटं सांगितलंस काय ते बघायला आले. मना वाटलं, ही शिकलेली, हिनं त्या पोराला पन फिरवलं." सगुणाने नाकावरचा घाम दंडाने पुसला आणि तिथे चिखल लागला. "खरं सांगितलंस गं. येडी हायस. सगल्यांसमोर."

"वाट गेली तर काय करनार होते?"

"तेच. रात्रभर मी तेच केलं. काय करनार, काय करनार. माझ्या सासूनं मरताना माझा हात धरला होता, कोनाला सांगू नको म्हनून. आता ती वाट बंद झाली नि मी घरात बसले, तर त्या जागेचं मी काय करू? लोनचं घालू?"

काशीला हसू आलं. मग सगुणालाही आलं. दोघी गुडघाभर चिखलात उभ्या राहून हसल्या, आणि तोल जायला लागला तेव्हा एकमेकींचा दंड धरला.

"चल," सगुणा म्हणाली.

"कुठं?"

"चल म्हनते ना. पानी वळायच्या आत."

ती पुढे झाली. उत्तरेकडे, तिवराच्या रांगेला धरून. या बाजूला काशी पंधरा वर्षांत कधी आली नव्हती, यायचं नसतं. ती खाली मान घालून चालत होती, सगुणाच्या प्रत्येक पावलाच्या खड्ड्यात आपलं पाऊल ठेवत. आजूबाजूला बघायचं नाही, हे तिच्या अंगातच होतं. दहा मिनिटांनी पुढची पावलं थांबली.

"हितं," सगुणा म्हणाली.

तो शब्द तोंडातून गेल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं, जणू कोणी रागावेल. चिखलात सगळीकडे बिळं होती, मोठी, ओली, काठावर ताजी माती आलेली. कोणी रागावलं नाही.

"बाकीच्या येतील. मी सांगितलंय, चारला समाजमंदिरात या म्हनून. माझं आधी होऊ दे, मंग त्या बोलतील." सगुणाने काशीकडे बघितलं. ती अजून मान खाली घालूनच उभी होती. "काशे, खाली काय बघतेस? मना ते टॉवर नि खाच असलं नाय सांगता येत. माझे पाय येतात, मी येते. वर बघ नि नीट ध्यानात घे. त्या पोराला तूच सांग माझ्यासाठी."

काशीने मान वर केली. समोर पुलाचा चौथा खांब होता. तिने डोळ्यांवर हात धरला आणि त्याच्या पाठीमागे काय येतं ते शोधू लागली.